पाणी संपले की गाणे संपले

आमच्या गायनवृंदाच्या येत्या हंगामाचे पत्रक आज दुपारी व्हॉट्सॲपवर आले आणि तेव्हापासून माझे डोके ठिकाणावर नाही. चार कार्यक्रम, चार विषय: पाऊस, भक्ती, देश आणि नाताळ. सोळाव्या शतकातल्या पॅलेस्ट्रीना या इटालियन संगीतकाराचे ‘सिकुत चेर्वुस’ हे लॅटिन भक्तिगीत पावसात घातले आहे, कारण त्यात हरीण पाण्याच्या झऱ्यांसाठी तळमळते. एवढ्यावर भागले असते तर मी गप्प बसले असते. पण निवेदनाला वेळ हवा म्हणून रचना ‘फोन्तेस अक्वारुम’पाशी, म्हणजे झऱ्यांपाशीच, थांबवायची आहे. त्यापुढे जिवाला देवाची तशीच ओढ लागल्याचे येते, पण तिथे पाणी नाही, म्हणून ते आम्हाला नको. अख्खी रचना जेमतेम तीन मिनिटांची आहे हो!

पूर्वी एका शाळेच्या सभागृहात आम्ही ती पूर्ण गायलो होतो, तेव्हा बाबा ऐकायला आले होते. बाबा म्हणजे नाट्यसंगीतावर पोसलेला, सवाई गंधर्वला भारतीय बैठकीत रात्री जागवलेला माणूस. लॅटिनचा गंध नाही. निवेदनही नव्हते. आधी टेनर, म्हणजे उंच आवाजाचे पुरुष, एकटे सुरुवात करतात, मग तीच ओळ घेऊन आम्ही आल्टो, म्हणजे खालच्या आवाजाच्या बायका, येतो, मग उंच आवाजाच्या सोप्रानो आणि शेवटी खर्जातले पुरुष, म्हणजे बास. परतताना रिक्षात बाबांनी विचारले, “तुम्ही मागून उचलता, तेव्हा ते पुरुष थांबत का नाहीत?” मला नीट सांगता येईना. घरी पोचल्यावर त्यांनी टेनरची ओळ माझ्याकडून सरगमीत बसवून घेतली आणि पानावरची आमटी गार होईपर्यंत ती स्वतः म्हणत मला आल्टो गायला लावले.

त्यांना कोणी विषय सांगितला होता?

नाताळच्या कार्यक्रमाचेही तेच. हँडेलचा ‘मसाया’, म्हणजे येशूवरची मोठी गायनवृंद-रचना, १३ एप्रिल १७४२ रोजी डब्लिनमध्ये पहिल्यांदा सादर झाला. त्याच्या तीन भागांपैकी जन्माची कथा फक्त पहिल्या भागात आहे. आम्ही त्यातले काही तुकडे उचलणार आणि दुसऱ्या भागाच्या शेवटचे ‘हालेलूया’ त्यांना जोडणार, कारण लोकांना तेवढेच ओळखीचे असते. व्हिक्टर परंज्योती यांनी मुंबईत गायनवृंद उभा केला आणि ‘द्रविडियन डिथिरॅम्ब’ रचले, ज्यात अर्थाचे शब्दच नाहीत. ते कुठे बसवणार? पावसात, की देशात? अर्थात, ते पत्रकात नाहीच.

बाख या जर्मन संगीतकारालाही लाइपत्सिगमध्ये चर्चमधल्या त्या त्या रविवारच्या बायबल-वाचनाला धरूनच कॅन्टाटा, म्हणजे वाद्यांसह गायच्या रचना, लिहाव्या लागत, हे मला माहीत आहे. पण झरा आला म्हणून त्याने कॅन्टाटा मध्येच सोडून दिली नव्हती.

समितीवर खरे तर माझा राग नाही. सभागृहाचे भाडे, पियानोचे ट्यूनिंग आणि ध्वनिव्यवस्थेचा खर्च भागवताना त्या लोकांची दमछाक मी जवळून पाहिली आहे, आणि ‘पाऊस’ म्हटले की तिकिटे खपतात हेही मान्य. आमची खजिनदार मैत्रीण ऑफिस सुटल्यावर दारोदार प्रायोजक शोधत फिरते. तिला हे वाचून वाईट वाटेल याची मला कल्पना आहे.

तरीही आमटी गार करणाऱ्या त्या माणसाला मी काय सांगू? यंदाही ते येणार आहेत. त्यांना ती टेनरची ओळ अजून पाठ आहे, आणि यावेळी ते पहिल्या रांगेत बसून पुढच्या ओळीची वाट पाहत असताना निवेदक माइकवर येऊन कांदाभजी आणि खिडकीतल्या पागोळ्यांविषयी बोलू लागणार! विषय ठेवायचे तर खुशाल ठेवा, पत्रकावर ढगही काढा, पण जे गाणे घ्याल ते पुरते गा.

मंगळवारच्या सरावाला मी पूर्ण रचनेच्या प्रती सगळ्यांपुरत्या काढून नेणार आहे, आणि टेनरमधल्या दोघांनी आपण थांबणार नाही असे आत्ताच कळवले आहे. निवेदकाने आपली वही त्या हिशेबाने आटोपशीर करावी.