१९५७ ची फायनल विल्टने नाही, वेळकाढूपणाने घालवली

मार्च आला की अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलच्या जुन्या गोष्टी पुन्हा निघतात आणि त्यात १९५७ ची एनसीएए (अमेरिकन कॉलेज क्रीडा संघटनेच्या स्पर्धेची) फायनल हमखास असते. नॉर्थ कॅरोलायना ५४, कॅन्सस ५३, तीन ओव्हरटाइम (बरोबरीनंतरची पाच-पाच मिनिटांची जादा सत्रं). त्यापाठोपाठ ठरलेला निष्कर्षही येतो: सात फूट एक इंचाचा विल्ट चेंबरलेन संघात असूनही कॅन्सस हरलं, म्हणजे ऐन मोक्याला विल्टनेच कच खाल्ली. मला हे साफ नामंजूर आहे. आकडेच बघा.

विल्टचे गुण २३, रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू) १४. त्याने १३ शॉट घेतले, ६ पडले. १६ पैकी ११ फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारे मोकळे शॉट) पडले. आता बाकीच्यांचं बघा. कॅन्ससच्या इतर सगळ्यांनी मिळून ३४ शॉट मारले आणि बास्केट झाल्या फक्त ९. मॉरिस किंग १२ पैकी ३, जीन एल्स्टन १२ पैकी ४, रॉन लोनेस्की ५ पैकी शून्य. एका गुणाने हरलेल्या सामन्यात विल्टचे वाया गेलेले पाच फ्री थ्रो डाचणारच, पण बाकीच्यांनीही तेवढेच घालवले. हरलेल्या संघात असूनही स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवड त्याचीच झाली, हे सोयीस्करपणे विसरलं जातं.

खरा प्रश्न हा की असा खेळाडू हाताशी असताना त्याला ५५ मिनिटांत १३ च शॉट का मिळाले?

याचं श्रेय नॉर्थ कॅरोलायनाच्या बचावाला. कोच फ्रँक मॅग्वायरने सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) जो क्विगला विल्टच्या मागे नाही, पुढे उभं केलं. मागे राहून विल्टला अडवता येणं शक्यच नव्हतं. चेंडू एकदा त्याच्या हातात पडला की गोष्ट संपली, म्हणून चेंडू पोचूच द्यायचा नाही. पुढे उभं राहण्याचा धोका सरळ आहे, डोक्यावरून लॉब, म्हणजे उंच उडवलेला पास येतो. त्यासाठी विरुद्ध बाजूच्या खेळाडूने आपला माणूस सोडून पेंटमध्ये (बास्केटसमोरच्या रंगवलेल्या पट्ट्यात) सरकावं लागतं, आणि तेही पास सुटण्याआधी; सुटल्यावर धावलात तर उशीर झालेला असतो. त्यातून बाहेरचे शॉट मोकळे सुटतात. ते पडले तर हा बचाव फाटतो. त्या रात्री ते पडले नाहीत. शिवाय त्याच हंगामापासून पेंटची रुंदी ६ फुटांवरून १२ फूट झाली होती, त्यामुळे विल्टला बास्केटपासून आणखी लांब ठाण मांडावं लागत होतं.

हा बचाव मोडायचा खात्रीचा उपाय म्हणजे वेग. चेंडू एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला झटपट फिरवला की पुढे उभा असलेला बचावपटू क्षणभर चुकीच्या बाजूला सापडतो, सेंटर अंगाने त्याला अडवून धरतो आणि पासची वाट मोकळी होते. पास देणारा रेंगाळला की बचावाला पुन्हा जागा घ्यायला वेळ मिळतो. कॅन्ससने नेमकं रेंगाळणंच निवडलं.

पहिल्या हाफचंही थोडं सांगायला हवं. कॅन्ससचा कोच डिक हार्प याने सुरुवातीला चौघांचा चौकोनी झोन (माणसामागे न धावता आपापली जागा राखणं) आणि एक माणूस नॉर्थ कॅरोलायनाच्या लेनी रोझनब्लूथच्या मागे, असा बचाव लावला. रोझनब्लूथ हुकमी स्कोअरर, त्यामुळे कल्पना चूक नव्हती. पण क्विग बाहेरून शॉट मारू शकणारा सेंटर होता. त्याने लांबून बास्केट केल्या की विल्टने पेंट सोडून बाहेर यायचं की नाही, हा पेच. बचाव बदलेपर्यंत नॉर्थ कॅरोलायना १९-७ ने पुढे गेली होती, हाफटाइमला २९-२२. (नॉर्थ कॅरोलायनाने पाच फूट ११ इंचाच्या टॉमी कर्न्सला विल्टसमोर जंप बॉलला, म्हणजे वर उडवलेल्या चेंडूसाठी उडी मारायला, उभं केल्याचा किस्सा सगळे रंगवून सांगतात. विल्टविरुद्ध तो चेंडू तसाही कुणालाच मिळाला नसता, मग उंच माणूस तिथे खर्ची का घाला? एवढाच त्याचा अर्थ.)

दुसऱ्या हाफमध्ये कॅन्ससने पिछाडी भरून काढली आणि सुमारे १० मिनिटं बाकी असताना ४०-३७ अशी आघाडी घेतली. सामना इथे फिरला. हार्पने चेंडू धरून ठेवायला सांगितलं. तेव्हा कॉलेजमध्ये शॉट क्लॉक (ठरावीक सेकंदांत शॉट घ्यायला लावणारं घड्याळ) नव्हतं. व्यावसायिक एनबीएत २४ सेकंदांचं घड्याळ १९५४ पासून होतं, कॉलेजमध्ये ४५ सेकंदांचं आलं ते थेट १९८५-८६ च्या हंगामात. त्यामुळे आघाडीवरच्या संघाने चेंडू दाबून बसणं नियमात बसत होतं आणि प्रथेतही. हेतू हा की मागे पडलेला संघ झोन सोडून बाहेर येईल आणि विल्टसमोर एकच माणूस उरेल. कागदावर ठीक होतं.

पण समोर कोण होतं? आदल्याच रात्री मिशिगन स्टेटविरुद्ध तीन ओव्हरटाइम, म्हणजे ५५ मिनिटं खेळून ७४-७० ने निसटलेला संघ. आणि तोही जवळजवळ सगळा वेळ पाच खेळाडूंवर भिस्त ठेवणारा. कॅन्ससने मात्र त्याच रात्री सॅन फ्रान्सिस्कोला ८०-५६ असं आरामात लोळवलं होतं. दमलेल्या प्रतिस्पर्ध्याला पळवायचं असतं, आणि ज्यांच्यावर फाउल चढलेत त्यांच्यावर चढाई करायची असते. रोझनब्लूथला पाचवा फाउल मिळून तो बाहेर गेला तो सामन्याला १ मिनिट ४५ सेकंद राहिलेली असताना. त्याचे २० गुण तोवर होऊन गेले होते! कॅन्ससने चढाई चालू ठेवली असती तर तो बराच आधी बाहेर गेला असता, असं मी ठामपणे म्हणतो. चेंडू धरून बसल्यामुळे नॉर्थ कॅरोलायनाला उलट फुकटची विश्रांती मिळाली.

आणखी एक हिशेब. चढाया जितक्या कमी, तितकं नशिबाचं वजन जास्त. बलवान संघाने चढाया वाढवायच्या असतात. ४० मिनिटांनंतर ४६-४६. पहिल्या दोन ओव्हरटाइममध्ये, म्हणजे १० मिनिटांत, दोन्ही संघांचे मिळून चार गुण. दुसऱ्यात तर कुणाचाच एकही नाही. अशा खेळात सात फुटांचा सेंटर काय करणार?

तिसऱ्या ओव्हरटाइममध्ये कर्न्सने ५२-४८ केलं. विल्टने बास्केट आणि त्यावरचा फ्री थ्रो घेऊन ५२-५१ वर आणलं, हे ढेपाळलेल्या माणसाचं काम नव्हे. मग किंगचा एक आणि एल्स्टनचा एक फ्री थ्रो, कॅन्सस ५३-५२. सहा सेकंद उरले असताना क्विगवर फाउल झाला आणि त्याने दोन्ही फ्री थ्रो घेतले. शेवटच्या चढाईत लोनेस्कीने विल्टसाठी पास टाकला, क्विगचा हात मध्ये आला, चेंडू कर्न्सकडे गेला आणि त्याने तो वर छताच्या दिशेने भिरकावला. तो खाली येईपर्यंत वेळ संपली. शेवटचा पाससुद्धा विल्टपर्यंत पोचलाच नाही.

पुढच्या वर्षी कॅन्ससला एनसीएए स्पर्धाच मिळाली नाही, कारण तेव्हा एका कॉन्फरन्समधून (विद्यापीठांच्या गटातून) एकच संघ जाई आणि ती जागा कॅन्सस स्टेटने पटकावली. शिक्षणाचं एक वर्ष बाकी असतानाच विल्ट हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या प्रदर्शनी सामने खेळणाऱ्या संघाकडे गेला. जानेवारी १९९८ मध्ये त्याची जर्सी निवृत्त करायला विद्यापीठाने त्याला बोलावलं, तेव्हा भरल्या स्टेडियमसमोर तो हेच म्हणाला की आपण कॅन्ससला निराश केलं असं आपल्याला वाटत राहिलं. ३४ पैकी २५ शॉट चुकवणाऱ्या बाकीच्यांचा आणि चेंडू धरून ठेवायला सांगणाऱ्या कोचचा भार तो एकटा ४१ वर्षं वाहत होता.