रमाबाईंच्या पाठीशी सरकार होतं म्हणे!

पुण्यातल्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. सार असं: पंडिता रमाबाई ख्रिस्ती झाल्या आणि राज्यकर्त्यांच्या पंक्तीला जाऊन बसल्या. मागे सरकार, चर्च आणि अमेरिकेचा पैसा, त्यामुळे विरोध झालाच नाही. मग अन्यायाविरुद्ध उभं राहायला धैर्य कसलं लागतंय?

पैशाचं आधी उरकून टाकू, कारण तेवढं खरं आहे. बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षं मदत द्यायचं कबूल केलं, म्हणून १८८९ साली मुंबईत शारदा सदन ही विधवांची शाळा सुरू झाली. आता इथल्या विधवांसाठी इथल्या श्रीमंतांच्या तिजोऱ्या का उघडल्या नाहीत, तेही त्याच मजकुरात यायला हवं होतं.

‘विरोध झालाच नाही’ हे मात्र पुण्यात राहून कुणी लिहू नये. सदन पुण्यात आलं नोव्हेंबर १८९० मध्ये. त्याच्या आदल्याच महिन्यात पंचहौद मिशनमध्ये रानडे-टिळकांसारख्यांनी चहा घेतला होता. त्यावरून पुढे नावं छापून आली, ग्रामण्य (जातीबाहेर टाकण्याचा वाद) झालं, प्रायश्चित्तापर्यंत गेलं. नुसता चहा! त्या शहरात एक ख्रिस्ती विधवा बालविधवांना राहायला-शिकायला जागा देत होती. रमाबाई प्रार्थनेला बसत तेव्हा दार लावून घेत नसत आणि काही मुली येऊन बसत. त्यावरून १८९३ साली ‘केसरी’ने झोड उठवली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची धास्ती मला समजते. सदनात धर्मशिकवण नसेल असंच ठरलं होतं. पण सदनाच्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींतल्या गोदूबाई त्याच वर्षी धोंडो केशव कर्व्यांशी लग्न करून आनंदीबाई झाल्या. त्या काही बाटल्या नाहीत.

चर्चच्या पाठबळाचं म्हणाल तर, १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजच्या मठात बाप्तिस्मा झाल्यापासून रमाबाईंचं वरिष्ठांशी वाजतच होतं. ट्रिनिटी (एकाच देवाची तीन रूपं) गळी उतरेना, शाकाहार सुटेना. मठातल्या क्रूसावरची अक्षरं लॅटिनमध्ये होती. ती संस्कृतात का नकोत, असा त्यांचा सवाल. त्यांनी इंग्रज पुरुषांना शिकवू नये असं बिशपांनी सुचवलं, तेव्हा मी कुठे काय शिकवायचं ते दुसऱ्यांनी ठरवू नये, अशा अर्थाचं त्यांनी ठणकावून कळवलं. धर्म स्वीकारला म्हणून विवेक कुणाच्या स्वाधीन केलेला नाही, ही त्यांची भूमिका शेवटपर्यंत टिकली.

राहिलं सरकार. १८९७ च्या प्लेगात पुण्यात रँडसाहेबाच्या हाताखाली गोरे सोल्जर घरोघर शिरून झडत्या घेत होते, संशयितांना इस्पितळात नि छावणीत हलवत होते. तिथे बायकांचे काय हाल होतात आणि सदनातल्या एका मुलीच्या वाट्याला काय आलं, हे रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये स्वतःच्या नावाने पत्र लिहून मांडलं. ते ख्रिस्ती साप्ताहिक होतं, म्हणजे आपल्याच लोकांसमोर मांडलं. प्रकरण थेट गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्टपर्यंत गेलं आणि त्यांनी हे आरोप साफ दिशाभूल करणारे ठरवले. त्या दिवसांत सरकारवर बोलणं किती महाग होतं, ते पुण्याला सांगायला नको. गोखल्यांनी या सोल्जरांबद्दल विलायतेत तक्रार केली, त्यांना परत आल्यावर जाहीर माफी मागावी लागली. टिळक राजद्रोहाखाली तुरुंगात गेले.

रमाबाईंचं तर हातावरचं काम त्याच अधिकाऱ्यांच्या परवानगीवर अडलेलं होतं. मध्य प्रांतातल्या दुष्काळातून आणलेल्या मुलींना पुण्यात ठेवायला प्लेगमुळे बंदी आली, म्हणून त्यांना केडगावला नेऊन उभं करावं लागलं. मुक्ती मिशन तिथलंच. ज्याच्याकडे परवाना मागायचा त्याच्यावरच त्यांनी छापून टीका केली.

मजकुराखाली सरकार पाठीशी असल्याचा पुरावा म्हणून रमाबाईंना मिळालेल्या ब्रिटिश सरकारच्या कैसर-ए-हिंद पदकाचा उल्लेख आहे. ते पदक १९१९ चं. पत्र १८९७ चं.