शूटिंग गार्ड पाहिजे? आधी फ्लेक्स छापून घ्या

समजा उद्या नाशिकला प्रोफेशनल बास्केटबॉल टीम मिळाली. हसू नका, क्रिकेटची ईगल नाशिक टायटन्स झालीच ना २०२३ ला. आणि समजा मालक तुम्ही. द्राक्षं एक्सपोर्टला गेली, पैसे बरे झाले, नाहीतर गंगापूर रोडचा प्लॉट विकला गेला, आता एवढ्या पैशाचं करायचं काय म्हणून टीम घेतली. पाचातले चार कसेही जमतात हो, सगळ्यात उंच तो सेंटर, सगळ्यात बडबड्या तो पॉइंट गार्ड, जिम लावलेले दोन फॉरवर्ड. घोडं अडतं ते शूटिंग गार्डपाशी, म्हणजे लांबून बास्केट मारायचं काम ज्याचं त्याच्यापाशी. म्हणून हा सल्ला. मी गेली पंधरा वर्षं पहाटे उठून एनबीए, म्हणजे अमेरिकेतली प्रोफेशनल बास्केटबॉल लीग, बघतोय आणि आमच्या कॉलनीच्या टीमचं सिलेक्शन दोनदा केलंय, दोन्ही वेळा पहिल्याच राउंडला घरी आलो, त्यामुळे अनुभवाचे बोल समजा.

पहिली गोष्ट, घरात एक मिक्सर असताना दुसरा आणायचा नाही. एनबीएतल्या पोर्टलंडने १९८४ ला हेच केलं. त्यांच्याकडे शूटिंग गार्ड क्लाइड ड्रेक्सलर होता, आदल्याच वर्षी घेतलेला, म्हणून ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तिथे, दुसऱ्या नंबरची निवड हातात असताना त्यांनी विचार केला की गार्ड आहे आपल्याकडे, उंच माणूस बघू. घेतला सॅम बोवी, सात फूट एक इंच. पायाच्या हाडापायी त्याची कॉलेजातली दोन वर्षं गेली होती, पण उंची बघा ना राव. मग तिसऱ्या नंबरवर शिकागोने जो उरला होता तो उचलला. मायकेल जॉर्डन. पुढे सहा टायटल वगैरे झाली, त्यात १९९२ ची फायनल खुद्द पोर्टलंडच्याच विरुद्ध, पहिल्या मॅचच्या पहिल्या हाफमध्येच ३५ पॉइंट, सहा थ्री, म्हणजे लांबून तीन पॉइंटचे शॉट, मारून झाल्यावर गडी नुसते खांदे उडवतोय, की मी तरी काय करू. लोक पोर्टलंडला अजून हसतात. पण एकाच जागेला दोन माणसं झाली नाहीत, हा हिशोब कोणी बघतच नाही.

दुसरं, पैशावर अडून बसायचं. ओक्लाहोमा सिटीकडे जेम्स हार्डन होता, बेंचवरून यायचा, २०१२ ला बेस्ट सिक्स्थ मॅन, म्हणजे बेंचवरून येणाऱ्यांत सगळ्यात भारी, ठरला, त्याच वर्षी टीम फायनलला गेली, आणि ऑक्टोबरमध्ये कॉन्ट्रॅक्टच्या आकड्यावर बिनसलं तर थेट ह्यूस्टनला धाडून दिला. २०१८ ला तो एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू झाला. लासलगावला ट्रॅक्टर घेऊन गेलेल्या कोणालाही विचारा, चाळीत ठेवायचा कांदा काढणीलाच विकून मोकळं होण्यात जे सुख आहे ना, ते वेगळंच. ओक्लाहोमाला पहिलं टायटल मिळालं २०२५ ला. तेरा वर्षं काय, अशी जातात. शार्लटने तर त्याच्याही पुढची हुशारी केली होती, १९९६ ला तेराव्या नंबरवर सतरा वर्षांचा कोबी ब्रायंट घेतला आणि देऊन टाकला लेकर्सला, बदल्यात व्लादी दिवाच, तयार सेंटर, अनुभवी माणूस. शाळकरी पोरगं सांभाळत कोण बसणार.

आता ट्रायल. ती आमच्या इथल्यासारख्या कोर्टावरच घ्या. सिमेंटचं, एका बाजूला उतार, पावसाळ्यात फ्री थ्रोच्या रेघेवर शेवाळ. रिंगची जाळी कधीच गेली म्हणून पोरांनी कांद्याची लाल जाळीची गोणी कापून सुतळीने बांधलीय, आणि खोटं नाही सांगत, बॉल स्वच्छ गेला की त्यातून असा काही सर्रकन आवाज येतो की ओरिजिनल जाळीला येणार नाही. तीन पॉइंटची रेघ खडूने मारलेली, ज्याने मारली त्याच्या पायाच्या मापाने. खरं माप ६.७५ मीटर, एनबीएत समोरून ७.२४ आणि कोपऱ्यात ६.७० च, म्हणजे कोपऱ्यात अर्धा मीटर स्वस्त आणि पॉइंट तेवढेच. पण या असल्या बारकाव्यात मालकाने पडू नये.

बघायचं एवढंच की बॉल जास्तीत जास्त वेळ कोणाच्या हातात राहतो. आमच्या स्पॉन्सरचा भाचा होता, नवेकोरे शूज, हाताला ती काळी स्लीव्ह, बॉल आला की डाव्या हातात, उजव्या हातात, पायाखालून, पाठीमागून, समोरचा डिफेन्सवाला कंटाळून कंबरेवर हात ठेवून उभा राहायचा तरी याचं चालूच, चोवीस सेकंद संपले की रिंगच्या वरून पलीकडच्या भिंतीवर. पण पब्लिक खुश. रील झाली, लाइक आले, मी डोळे झाकून घेतला. शूटिंग गार्ड म्हटल्यावर शूटिंग झालं पाहिजे, मोबाइलचं असलं म्हणून काय झालं.

क्ले थॉम्प्सनसारखा माणूस तर चुकूनही घेऊ नका. ५ डिसेंबर २०१६ ला या बाबाने इंडियानाविरुद्ध ६० पॉइंट केले, २९ मिनिटांत, आणि ड्रिबल किती? अकरा. पूर्ण मॅचमध्ये अकरा. बॉल हातात होता जेमतेम दीड मिनिट. बाकीचा वेळ नुसता पळतोय, या स्क्रीनमागून, म्हणजे वाट अडवून उभ्या राहिलेल्या आपल्याच गड्यामागून, त्या स्क्रीनमागे, द्वारका सर्कलला रिक्षा जशी दोन बसच्या मधून निघते तसा, निघाला की उभा, बॉल आला की सोडला. आता सांगा याची रील काय बनवणार? वर डिफेन्सला समोरच्या टीमचा सगळ्यात डोकेदुखी गार्डही हाच धरायचा. असला माणूस टीव्हीवर दिसतच नाही, स्पॉन्सरला काय दाखवाल, रिकामी जागा?

रे ॲलनही तसलाच. २०१३ ची फायनल, सातातली सहावी मॅच, आपल्याकडे १९ जूनची सकाळ, मी कंपनीत पोट बिघडल्याचा फोन करून टीव्हीसमोर बसलेलो. मायामी तीन पॉइंटने मागे, सॅन अँटोनियोला कप देण्यासाठी कोर्टाभोवती पिवळे दोर आणून ठेवलेले. लेब्रॉनचा शॉट चुकला, बॉशने रिबाउंड काढला, आणि हा ॲलन बॉलकडे जायचं सोडून उलट्या पावलांनी कोपऱ्यात सरकतोय, खाली रेघेकडे न बघता. तिथेच पास आला, तिथूनच थ्री, ५.२ सेकंद बाकी असताना बरोबरी, ओव्हरटाइमला मॅच मायामीची, नंतर सातवीही. हे उलटं चालणं तो रिकाम्या कोर्टावर घोटून घोटून करायचा म्हणे. म्हणजे बघा, माणूस प्रॅक्टिसला येतो आणि बॉल हातात नसताना मागे मागे चालतो. आमच्या कोचने असल्या पोराला डॉक्टरकडे पाठवलं असतं.

बेंचवरून येणारा तर नकोच नको. मनू जिनोबिली १९९९ च्या ड्राफ्टमध्ये ५८ जणांत ५७ वा, म्हणजे पंगत उठता उठता ताट मिळालेला माणूस, चार टायटल जिंकली पण बराच काळ बेंचवरून उठून यायचा. अहो आपल्याकडे आई, मावशी, शेजारचे काका असे बारा जण मॅचला आलेले असतात, त्यांच्यासमोर पोराला बसवून ठेवलं तर लग्नाच्या बोलणीपर्यंत जाईल ते. भाच्याला मी एकदाच बसवलं होतं, पाच मिनिटं. संध्याकाळी जर्सीचं बिल माझ्या घरी आलं.

तेव्हा घोळ न घालता फ्लेक्स आधी छापून घ्या. मधोमध तुमचा फोटो, वर नेतेमंडळी, आणि ज्याचा फोटो जाकिटासकट उपलब्ध असेल तो शूटिंग गार्ड. मग टीमचा फोटो काढायला कोर्टावर जाल तेव्हा तिथे कोपऱ्यात, खडूच्या रेघेच्या जरा बाहेर, एक बारकं पोरगं गुडघे वाकवून, दोन्ही हात छातीशी तयार धरून उभं असेल, मगापासून कोणी पास दिलेला नसेल तरी. त्याला म्हणायचं, बाळा, जरा बाजूला हो, फ्रेममध्ये येतोयस.