सांगा ना नीट, मराठीत!

बाबांची ही तिसरी कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी. पहिल्या वेळी पॉलिप (आतड्याच्या आतल्या छोट्या गाठी) निघाले, म्हणून आता ठरावीक वर्षांनी तपासणी आलीच. आणि दर वेळी तेच! काउंटरवरून आतडं साफ करायच्या, पाण्यात घालून प्यायच्या पावडरचं पाकीट आणि इंग्रजी कागद हातात कोंबायचा, "त्यात सगळं लिहिलंय." बाबा सत्तरीचे, ठाण्यात नौपाड्याला एकटे राहतात. कसा वाचायचा त्यांनी तो?

मागच्या वेळी "हलकं खा" एवढंच ऐकून आदल्या दिवशी ज्वारीची भाकरी खाल्ली, वर ताक प्यायले. भाकरीचा कोंडा आतड्यात राहतो, ताक चालत नाही, नारळपाणी किंवा गाळलेलं डाळीचं पाणी चालतं, हे सांगायला किती वेळ लागतो? आतडं साफ नाही म्हणून तपासणी अर्धवट. पुन्हा उपास, पुन्हा ते २ लिटर खारट पाणी, रात्रभर संडासच्या फेऱ्या.

ते पाणी निम्मं आदल्या संध्याकाळी, निम्मं पहाटे घेतलं तर आतडं जास्त स्वच्छ होतं, हेही आम्ही विचारल्यावर कळलं. मधुमेहाच्या गोळीचं तर विचारूनही कुणी धड बोललं नाही. उपाशीपोटी साखर उतरली असती म्हणजे?

पहाटेच्या डोसनंतर घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये पोट धरून बसलेले बाबा बघवत नाहीत हो.