साधं पाणी आणि मऊ ब्रश, बस्स

एकाने विचारलंय, इंग्लंडमधल्या दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांच्या कबरी घासायला स्वयंसेवक कशाला, ॲसिड मारलं की चकाचक! अहो, त्यातले बरेचसे दगड पोर्टलंडचे, म्हणजे चुनखडीचे. ॲसिडने शेवाळाबरोबर नावही जाईल. म्हणून कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनचे (युद्धात गेलेल्यांच्या कबरी सांभाळणारी संस्था) स्वयंसेवक फक्त साधं पाणी आणि मऊ ब्रश वापरतात. वेळ लागतो, लागू दे की. हळूहळू वरचं हवाई दलाचं गरुडचिन्ह उघडं पडतं, मग हुद्दा, नाव, खाली 'एअर गनर' (विमानातला तोफची) किंवा 'नेव्हिगेटर' (मार्ग दाखवणारा), आणि वय. १९, २०, २१... बघवत नाही. दुसऱ्या महायुद्धात एकट्या बॉम्बर कमांडचे, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बफेकी विमानांच्या विभागाचे, ५५ हजारांवर गेले. त्यातले हजारो तर प्रशिक्षणातच, शत्रूचं तोंडही न बघता. म्हणूनच खेड्यापाड्यांतल्या चर्चच्या आवारातही या कबरी सापडतात.