गाडीचं वय कसलं मोजता, किलोमीटर मोजा

आमच्या फॅमिली ग्रुपवर नाशिकच्या आतेभावाने एक जुनी बातमी परत फिरवली, 2025 च्या ऑगस्टमध्ये 20 वर्षांपुढच्या कारची री-रजिस्ट्रेशन फी 5,000 वरून 10,000 केली ती. खाली त्याची टिप्पणी, "उत्तम झालं, आता तरी लोक हे भंगार रस्त्यावरून काढतील. परदेशात बघा, 15 वर्षांपुढची गाडी कोणी रस्त्यावर आणूच देत नाही." त्याखाली सात-आठ अंगठे आणि मामींचा नमस्कार. मी तेव्हा काही लिहिलं नाही कारण ऑफिसला निघत होतो, पण दिवसभर ते वाक्य डोक्यात घोळत राहिलं, "परदेशात बघा".

अरे बाबा मी परदेशातच आहे, इंग्लंडमध्ये, कॉव्हेंट्रीत, आणि माझ्या गॅरेजमध्ये 1978 सालची ट्रायम्फ स्पिटफायर उभी आहे, दोन सीटची, उघड्या छताची स्पोर्ट्स कार. हे ग्रुपवर सगळ्यांना माहितीये, फोटो टाकलेत मी. मग हे कोणाला उद्देशून होतं?

तर आधी इथे काय आहे ते सांगतो. गाडी 40 वर्षांची झाली की ती हिस्टॉरिक होते, रोड टॅक्स शून्य. फार बदल केलेले नसले तर एमओटीसुद्धा, म्हणजे गाडीची वार्षिक तपासणी, सक्तीची नाही, 2018 पासून. मी तरीही दरवर्षी करून घेतो, कारण ब्रेक बरोबर आहेत की नाही ते दुसऱ्या कोणीतरी बघितलेलं बरं. लंडनमध्ये जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना जे यूलेझचे पैसे पडतात ते पण लागत नाहीत. म्हणजे ज्या देशाचं उदाहरण देऊन तुम्ही जुन्या गाड्या कापायला निघालात, तो देश जुन्या गाडीला म्हातारपणी सवलत देतो. आणि सरकारला हे परवडतं कारण या गाड्या चालतातच किती? माझा इन्शुरन्सच वर्षाला 3,000 मैलांपुरता घेतलाय, तेवढेसुद्धा होत नाहीत. रविवारी दोन-अडीच तास, उन्हाळ्यात कधीतरी वेल्सला मुक्कामी. हो, धूर सोडते, तिला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही, मागे उभं राहिलं तर पेट्रोलचा वास येतो. पण रोज नाशिकच्या द्वारका सर्कलला अर्धा तास इंजिन चालू ठेवून उभ्या राहणाऱ्या नव्या गाडीपेक्षा माझी वर्षभरात जास्त हवा खराब करते असं कोणी मला हिशोब मांडून दाखवावं. आणि नवी गाडी बनवायला जे लोखंड, अ‍ॅल्युमिनियम वितळवावं लागतं त्याचा धूर कोणाच्या खात्यात धरायचा?

आपल्याकडे काय केलं, तर दिल्लीत 10 वर्षांचं डिझेल आणि 15 वर्षांचं पेट्रोल, एवढाच हिशोब होता. गाडी कशी ठेवलीये, किती चालते, काही बघायचं नाही. 1 जुलै 2025 ला तर पंपावर अशा गाड्यांना पेट्रोलच बंद केलं आणि लोक इतके भडकले की थोड्याच दिवसात माघार घ्यावी लागली. जन्मसाल बघून गाडी मोडीत काढायची हा आळशीपणा आहे, दुसरं काही नाही. तपासायला यंत्रणा उभी करावी लागते, इन्स्पेक्टर प्रामाणिक लागतो, मशीन चालू लागतं. त्यापेक्षा कॅलेंडर बघणं सोपं.

आणि व्हिंटेजचा नियम आहे की, असं लगेच म्हणाल. आहे ना, 2021 चा. 50 वर्षं पूर्ण झाली पाहिजेत, नोंदणीला 20,000, नंबरात व्हीए अक्षरं. छान. पण तशी नोंदणी केली की गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, रॅली, प्रदर्शन, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला नेणं एवढंच. म्हणजे रविवारी सकाळी बायकोला शेजारी बसवून त्र्यंबक रोडने पहिन्याला जाऊन यायचं, हे त्यात कुठेच बसत नाही. आणि 20 ते 50 च्या मधल्या गाडीचं काय? ती तीस वर्षं कुठे लपवायची?

नुसती उभी करायची असेल तर गाडी कशाला पाहिजे, फोटो लावा भिंतीवर. जुनी स्पोर्ट्स कार चालवण्यात काय मजा आहे हे ज्याने कधी तसली गाडी चालवली नाही त्याला सांगणं अवघड आहे पण प्रयत्न करतो. स्पिटफायर 1500, इंजिन 71 हॉर्सपॉवरचं. तुमच्या आजच्या साध्या हॅचबॅकला याहून जास्त असतात. पण गाडी जेमतेम 800 किलोची, आणि तुम्ही इतके खाली बसता की दारावरून हात सोडला तर रस्ता जवळजवळ लागतो, त्यामुळे ताशी 80 किलोमीटर म्हणजे 130 वाटतात. सकाळी गॅरेज उघडायचं, बॉनेट उचलायचं, ते मडगार्डसकट अख्खं पुढे उलटतं आणि इंजिनाच्या बाजूला चाकावर बसून काम करता येतं, ऑइल बघायचं, चोक ओढायचा, इंजिनाने धरलं की चोक थोडा आत. पेट्रोल आणि हवा मिसळणारे दोन एसयू कार्बोरेटर आहेत, दोघांचा सूर जुळलेला असला की आयडलिंगचा आवाज एकसारखा येतो, नसला तर कानाला लगेच कळतं. थंडीतसुद्धा छत खालीच, हीटर पायाशी, डोक्यावर टोपी.

मग फॉस वे पकडायचा. रोमन लोकांनी आखलेला रस्ता, मैलोन्‌मैल सरळ, मध्येच चढ, पलीकडे काय आहे दिसत नाही. मोरटन, स्टो, तिथून ब्रॉडवेकडे वळलं की फिश हिलचा उतार. तिथे ओव्हरड्राइव्ह, म्हणजे वरचा जादा गिअर, बंद करायचा, स्विच गिअरच्या दांड्यावरच आहे, अंगठ्याने, आणि गाडी इंजिनावर धरून ठेवायची. वळणात घुसण्याआधी ब्रेक संपलेला पाहिजे, आत गेल्यावर ब्रेक मारायचा नाही, मागचे स्प्रिंगचे पाटे आडवे आहेत, उगाच अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला तर मागचं टोक हलकं होतं. हे सगळं पोटाला कळतं. नव्या गाडीत या चुका कॉम्प्युटर सावरतो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. दोन तासांनी घरी आलं की हात दुखतात, केसात वारा असतो, आणि आठवडाभराच्या मिटिंगांपैकी एक आठवत नाही.

वेल्सला गेलं तर आणखीनच. रायडरवरून एलान व्हॅलीत शिरायचं, ती धरणं 1893 ते 1904 मध्ये बर्मिंगहॅमच्या पाण्यासाठी बांधली, आणि तिथून डेव्हिल्स ब्रिजकडे जो डोंगरातला रस्ता जातो त्यावर मेंढ्यांशिवाय कोणी नसतं. पहिल्यांदा त्या रस्त्याने गेलो तेव्हा मी बायकोला म्हणालो, घोटीवरून भंडारदऱ्याला चाललोय असं वाटतंय. ती म्हणाली, तिथे खड्डे होते. होते, मान्य. पण बाकी तोच ओला काळा दगड, तेच ढग रस्त्यावर उतरलेले, धरणाची तीच जुनी दगडी भिंत, भंडारदऱ्याचीही इंग्रजांच्याच काळातली, 1926 ला पूर्ण झालेली. मला तो रस्ता आवडतो तो वेल्ससाठी की भंडारदऱ्यासाठी, याचं उत्तर मी स्वतःलासुद्धा सरळ देत नाही.

आता आतेभावाला एक आठवण करून द्यायचीये. आपल्या काकांची स्टँडर्ड हेराल्ड. तो तेव्हा लहान होता पण मागच्या सीटवर मीच त्याला मांडीवर घेऊन बसायचो. काका मायकोत होते, सातपूरला, डिझेल इंजिनाचे नोझल बनवणाऱ्या कंपनीत, नोझलमध्ये मायक्रॉनचा फरक बोटाला लागणारा माणूस. गाडी सेकंडहँड घेतलेली, पंडित कॉलनीतल्या बंगल्याच्या बाजूला बदामाच्या झाडाखाली उभी असायची. शनिवारी रात्री प्लग काढून साफ करायचे, पॉइंट घासायचे, रविवारी सकाळी आम्ही पोरं कोंबून त्र्यंबकेश्वर, कधी वणी, एकदा सापुतारा. कसारा घाटात चढताना पाणी तापायचं म्हणून इगतपुरीच्या अलीकडे थांबून रेडिएटरवर ओलं फडकं टाकायचे आणि त्यात त्यांना कमीपणा वाटायचा नाही. त्यांना ती गाडी कामाला लागायची म्हणून नव्हती, कामावर ते कंपनीच्या बसने जायचे. ती रविवारसाठी होती. नाशिकच्या मध्यमवर्गीय माणसाची, बरं का, राजे-महाराजांची नाही.

ती हेराल्ड आणि माझी स्पिटफायर एकाच घराण्यातल्या. दोन्हीचं डिझाइन मिकेलोत्ती नावाच्या इटालियन माणसाचं, हेराल्ड आधी आली 1959 ला, तिच्याच चासीवरून आखूड करून 1962 ला स्पिटफायर काढली. आपल्याकडची हेराल्ड मद्रासला बनायची, 948 सीसी, आणि पुढे आपल्याकडे चार दारांची हेराल्ड निघाली जी इंग्लंडने कधी बनवलीच नाही. इथल्या क्लबातल्या मिटिंगला हे सांगितलं तर ऐंशीच्या घरातले, ट्रायम्फच्या इथल्या कॅनलीच्या कारखान्यात उमेदीची वर्षं घालवलेले लोक खुर्ची पुढे ओढतात. चार दारं? मागचं दार कसं बसवलं? बॉडी लांबवली का? एवढ्या आस्थेने माझ्या गावाबद्दल, माझ्या लहानपणाबद्दल या देशात मला इतर कोणी कधी विचारलेलं नाही. तिथलं गाड्या जोडण्याचं काम 1980 ला बंद झालं, तिथे आता दुकानं आणि ऑफिसं आहेत, पण या लोकांनी गाड्या जपल्या. दर एप्रिलमध्ये एक रविवार ठरवून हजारो जुन्या गाड्या देशभर बाहेर काढतात, 1900 सालच्या हजार मैलांच्या गाड्यांच्या चाचणीच्या आठवणीला. सव्वाशे वर्षांपूर्वीची आठवण, रस्त्यावर, चालत्या गाडीने. आणि आम्ही चाळीस वर्षांपूर्वीची हेराल्ड वजनावर दिली कारण बंगला पाडून अपार्टमेंट झालं आणि पार्किंग एकच मिळालं.

कोणाला दोष देत नाहीये. पार्ट मिळत नव्हते, खरंय. इथे मला स्पिटफायरचा कुठलाही बुश, कुठलंही सील रात्री फोनवरून मागवता येतं, दोन दिवसात दारात. पण हेही सांगा की पार्ट बनवणारं गाव कोणतं? सातपूर-अंबडला असे लेथवाले बसलेत की नमुना हातात दिला तर संध्याकाळपर्यंत तसाच दुसरा काढून देतील. महिंद्राचा कारखाना तिथे. मोटर रॅल्या नाशिकच्या मातीत झाल्या. ज्या गावात एवढं कसब आहे त्या गावाने जुन्या गाड्या सांभाळायच्या की भंगारात जाताना टाळ्या वाजवायच्या? युरोपात रिस्टोरेशन हा मोठा धंदा आहे, हाताचं काम आहे, मशीनने होत नाही. नाशिकच्या पोरांना ते जमणार नाही असं मला कोणी सांगू नये.

पेट्रोलचंही तेच. ई20 वर, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर, ग्रुपमध्ये भांडण झालं तेव्हा मला ऐकवलं गेलं, "शेतकऱ्याचा फायदा तुला दिसत नाही, तू तिकडे बसून बोलणार". दिसतो. निफाडचा ऊस आणि मका मला इथूनही दिसतो. पण इथे 2021 ला ई10 आणलं तेव्हा सुपर पेट्रोलचा ई5 नळ पंपावर ठेवला, महाग आहे, पण आहे. इथेनॉल पाणी ओढतं, जुन्या रबरी नळ्या फुगवतं, गाडी महिनाभर उभी राहिली की जास्तच. माझं म्हणणं एवढंच होतं की जुन्या गाडीवाल्याला प्रत्येक पंपावर परवडणारा एक पर्याय ठेवा. याला शेतकरीविरोधी कसं म्हणता येतं?

"तू तिकडे बसून बोलणार" हे मात्र लागतं. दर वादात शेवटी तेच येतं. डिसेंबरात आलो की मला बाटलीचं पाणी आणून देतात, मिसळ कमी तिखट सांगतात, मी न विचारता, आणि गंगापूर रोडवर कुठे वळायचं हे मला सांगतात, ज्या रस्त्यावर मी सायकल शिकलो. बोललो तर बाहेरचा, गप्प बसलो तर बदललाय. इकडे तर काय बोलायचं, इतकी वर्षं झाली, पासपोर्टही इथला आहे, तरी नव्या ठिकाणी गेलो की माझ्याकडे बघून पहिला प्रश्न असतो कुठला तू. "कॉव्हेंट्री" म्हटलं की, "नाही, म्हणजे मूळचा?"

स्पिटफायरमधून उतरलो की पहिला प्रश्न असतो, कितवं साल? मग ओव्हरड्राइव्ह आहे का, गंज कुठे लागला होता, रंग मूळचा का. अर्धा तास जातो, मी कुठला हा विषय निघतच नाही, आणि निघाला तर मी स्वतःहून काढतो, काकांच्या हेराल्डचं सांगायला. खरं सांगायचं तर गाडी घेतली ती अशीच कुठेतरी नीट बसता यावं म्हणून. नाशिकला जे राहिलं नाही ते इथे जपतोय, आणि त्याबद्दल नाशिकच्याच माणसांनी मला "परदेशात बघा" म्हणून शिकवावं, याचा राग येतो. राग येतो कारण काकांनी ज्या गोष्टीवर जीव लावला ती भंगार होती असं म्हणण्यासारखं आहे ते.

तर आतेभावाला उत्तर लिहिलंय, ग्रुपवरच. 20 वर्षांपुढच्या गाडीची फी घ्या, हवी तर जास्त घ्या, पण ज्याने लिहून दिलं की वर्षाला 5,000 किलोमीटरच्या वर चालवणार नाही, आणि दरवर्षी ब्रेक, धूर, स्टिअरिंग तपासून घेईल, त्याला सवलत द्या आणि रविवारी त्र्यंबकला जाऊ द्या. त्यात काय चुकीचं आहे ते मुद्द्याने सांग, आणि यावेळी मी कुठे बसून बोलतोय ते मध्ये आणू नकोस. दोन निळ्या टिका आल्यात, उत्तर अजून आलेलं नाही.