‘जाड माणसाची हाडं मोडत नाहीत’ म्हणे!

ज्येष्ठांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: साठीनंतर अंगानं भरलेलं असावं, अशांची हाडं ठिसूळ होत नाहीत, हाडांची तपासणी करावी ती काटकुळ्यांनी, आणि या वयात वजन उतरवलं की हाडं झिजतात. खाली अर्थातच ‘सर्वांना पाठवा’.

हडकुळ्यांना धोका जास्त, हे खरंच आहे. २००५ साली सुमारे ६० हजार लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती, याचा आकडा) २५ असणाऱ्यांपेक्षा २० असणाऱ्यांत खुबा मोडण्याचा धोका जवळपास दुप्पट निघाला. पण २५ वरून ३० वर गेल्यावर तो घटला जेमतेम १७ टक्क्यांनी. बारीक असणं वाईट, म्हणून जाड असणं चांगलं, ही उडी मेसेजवाल्याची स्वतःची.

शिवाय खुबा म्हणजे काही सगळा सांगाडा नव्हे. वजनदार माणूस कुशीवर पडला तर तिथली चरबी थोडा दणका झेलते. घोट्यावर कसली आलीय चरबी? पाय मुरगळला की अख्खा भार तिथेच. दहा देशांतल्या, पाळी गेलेल्या स्त्रियांच्या पाहणीत (२०११) लठ्ठ बायकांची मनगटं कमी मोडली, पण घोटे आणि मांडीची हाडं जास्त.

आणि जाड म्हणजे कुठे जाड? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय २२.३. चरबी मात्र युडकिनांच्या अंगात ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. हातपाय काड्या आणि पोट पुढे, ही ठेवण आपल्याकडे घरोघरी दिसते. हाडांवर रोज ताण देऊन त्यांना घट्ट ठेवणारे स्नायू इथे कमी, आणि सूज वाढवणारी द्रव्यं सोडणारी पोटातली चरबी जास्त. अशा शरीराला वजनकाटा ‘ठीक’ म्हणतो.

तपासणीचा मुद्दा तर सरळ घातक आहे. टाइप २ मधुमेहात डेक्साचा, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीचा, आकडा बरेचदा चांगला येतो आणि तरीही हाड मोडतं. सुटलेल्या पोटामागून मधुमेह येतो, हे वेगळं सांगायला नको. पाठीला पोक आलं, नेहमीच्या मापाचा परकर जमिनीवर लोळू लागला, तर मणका दबला असू शकतो. तिथे अंगकाठी बघत बसू नये, डॉक्टर गाठावा.

राहिलं वजन उतरवणं. नुसतं जेवण तोडलं तर हाडं झिजतात, इथवर मेसेज बरोबर. पण २०१७ मध्ये १६० लठ्ठ ज्येष्ठांवरच्या अमेरिकी प्रयोगात आहार कमी करून एका गटाला फक्त चालण्यासारखा दमसासाचा व्यायाम दिला, दुसऱ्याला वजनं उचलायला लावली, तिसऱ्याला दोन्ही. वजन तिन्ही गटांत ९ टक्के उतरलं. खुब्याची घनता पहिल्या गटात ३ टक्क्यांनी घटली, दोन्ही करणाऱ्यांत १ टक्का, आणि वजनं उचलणाऱ्यांत अर्धाच टक्का.